रेझिस्टरचा थर्मल नॉइज मोजताना या चुका टाळा

जॉन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत मोजलेला आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये सूत्रात बसवलेला थर्मल नॉइज, म्हणजे उष्णतेमुळे रेझिस्टरमध्ये आपोआप उठणारे व्होल्टेजचे चढउतार, हा पदवीच्या प्रयोगवहीतला सोपा प्रयोग समजला जातो, पण सूत्र तोंडपाठ असलेले विद्यार्थीच त्यात अधिक फसतात. चार, बोल्ट्झमन स्थिरांक, केल्विनमधील तापमान, रोध आणि बँडविड्थ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे नॉइजचे आरएमएस व्होल्टेज. ३०० केल्विनला, १० किलोहर्ट्झ बँडविड्थमध्ये, १ किलोओहमसाठी ते जेमतेम ०.४ मायक्रोव्होल्ट भरते.

सर्वांत जास्त नडते ती केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता. एका विद्यार्थ्याने २० किलोहर्ट्झच्या बँडमध्ये आधी १ मेगाओहमचा आणि मग १० मेगाओहमचा रेझिस्टर लावला. सूत्रानुसार १८ आणि ५८ मायक्रोव्होल्ट यायला हवे होते. दोन्ही वेळा सहाच्या आसपास आले. रोध दहापट करूनही नॉइज हलत नाही, त्याअर्थी हा शून्यबिंदू ऊर्जेचा, म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानालाही उरणाऱ्या क्वांटम ऊर्जेचा, तळच होय, असा निष्कर्ष काढून त्याने अहवालही लिहायला घेतला होता. रेझिस्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये मीटरभर कोअ‍ॅक्सियल केबल होती, म्हणजे सुमारे १०० पिकोफॅरड. एवढ्या कपॅसिटन्सवर १ मेगाओहमचा नॉइज १.६ किलोहर्ट्झच्या पुढे उतरू लागतो. रोध वाढवला की नॉइजची घनता वाढते, पण बँडविड्थ त्याच प्रमाणात आक्रसते आणि एकूण व्होल्टेज फक्त तापमान व कपॅसिटन्स यांवर ठरते. ते येथे ६.४ मायक्रोव्होल्ट येते. केबल काढून रेझिस्टर थेट इनपुटवर टाकला असता आकडा लगेच वाढला. असा संशय आला की मी रेझिस्टर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायला सांगतो: ७७ केल्विनला व्होल्टेज निम्म्यावर आले, तर तो नॉइज उष्णतेचाच. अहवाल त्यानंतर लिहावा.

अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज इनपुट शॉर्ट करून मोजावा आणि व्होल्टेजचे वर्ग करून त्यांतून वजा करावा. एकेरी आरसी फिल्टर असल्यास ३ डेसिबलच्या बँडविड्थला १.५७ ने गुणावे. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर हा प्रयोग करू नये. तिथे बहुधा ५० हर्ट्झची घरघरच दिसते.

दुसरी चूक कागदावरची आहे. कॅलन आणि वेल्टन यांच्या १९५१ च्या मांडणीत प्लांकच्या पदाला (दिलेल्या तापमानाला एका वारंवारतेवरची सरासरी औष्णिक ऊर्जा) प्रत्येक वारंवारतेसाठी अर्धा क्वांटम, म्हणजेच शून्यबिंदू ऊर्जा, जोडला जातो, एवढे वाचून उतावीळ मंडळी तो नायक्विस्टच्या साध्या सूत्रातच मिळवून मोकळी होतात. प्लांकचे पद कमी वारंवारतेला उलगडले की औष्णिक ऊर्जेतून अर्धा क्वांटम वजा झालेला दिसतो. जोडलेला अर्धा क्वांटम हीच तूट भरून काढतो. त्यामुळे खोलीच्या तापमानाला १० गिगाहर्ट्झवरही उरलेली दुरुस्ती एक कोटीत दोन भाग एवढीच असते. हा अर्धा क्वांटम खरोखर जाणवतो तो २० मिलिकेल्विनला, सुमारे ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे. कोख, व्हॅन हार्लिंगन आणि क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी जोसेफसन जंक्शनच्या (दोन अतिवाहकांमधील पातळ सांध्याच्या) शंट रेझिस्टरमध्ये, म्हणजे त्याला समांतर जोडलेल्या रोधात, त्याची चाहूल मोजली, तीही कमालीच्या चिकाटीने.

या शून्यबिंदू ऊर्जेवर बॅटरी भरण्याचे आराखडे मला दर वर्षी दाखवले जातात. ती नीचतम अवस्थेतील ऊर्जा आहे. तिथून खाली उतरायला पायरीच नसल्यामुळे ती बाहेरच्या भाराला शक्ती देऊ शकत नाही, आणि समान तापमानाचे दोन रेझिस्टर एकमेकांना जेवढे देतात तेवढेच घेतात.