घाटात हिंमत गेली आणि पुन्हा ट्रकवर बसायचंय? आधी ब्रेक समजून घ्या

लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद आहे, काही महिने दहा टायरी हाताखाली होती, आणि मग एक दिवस किल्ली शेठच्या टेबलावर ठेवून तुम्ही घरी आलात. मधल्या काळात गावात पिकअप चालवली, कुणाच्या गोडाऊनवर माल उतरवून घेतला. पण हायवेनं लोड गाडी गेली की मान आपोआप तिकडं वळते. अशांसाठी हे लिहितोय. क्लच, गिअर, स्टेअरिंग तुम्हाला येतं, ते पुन्हा सांगत नाही. मी गाडी सोडली होती आणि आज परत चालवतो. भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. इगतपुरी मागं पडली की आजही तळहाताला घाम येतो.

एक गोष्ट मनातून काढून टाका, की आपण भित्रे आहोत. बहुतेक नव्या ड्रायव्हरची हिंमत जाते ती त्याला अर्धंच शिकवलेलं असतं म्हणून. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी रिकामी, आरटीओच्या टेस्टला गाडी रिकामी. रिकामी दहा टायरी साधारण नऊ-दहा टनांची. २०१८ साली वजनाची मर्यादा वाढली तेव्हापासून तीच गाडी मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत कायदेशीर चालते. म्हणजे शिकलो एका गाडीवर आणि पोटासाठी चालवली तिच्या तिप्पट वजनाची. सपाटीला हा फरक झाकला जातो. उतारावर तो एकदम अंगावर येतो.

माझ्या अंगावर तो कसारा घाटात आला. लासलगावचा कांदा भरून वाशी मार्केटला निघालो होतो. घाट उतरताना गाडी ओढ घेत होती, मी ब्रेकवर पाय ठेवून होतो आणि नजर हवेच्या काट्यावर, म्हणजे ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर होती. काटा आठच्या आसपास, एकदम ठणठणीत. मला वाटलं हवा आहे म्हणजे ब्रेक आहे. मग केबिनमध्ये जळका वास आला, पायाखाली पेडल नेहमीसारखंच, आणि गाडी मात्र थांबायचं नाव घेईना. रस्ता थोडा रुंद होता, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी थोपवणारा ब्रेक) आणि खालच्या गिअरच्या जोरावर गाडी कशीबशी कडेला लागली. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर मला कुठल्याही उतारावर पेडलचा भरवसा वाटेना, आणि भरवसा नसलेल्या माणसानं लोड गाडी चालवू नये, म्हणून मी उतरलो.

हा सापळा नीट समजून घ्या, दोनदा वाचावं लागलं तरी चालेल. हवेचा काटा फक्त टाकीतली हवा सांगतो. चाकातला ब्रेक धरतोय की नाही, हे तो सांगत नाही. तुम्ही पेडल दाबता, हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, रॉड पुढं सरकतो, लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) चाकाच्या ड्रमला आतून घासतात. सतत घासलं की ड्रम तापतो, आणि तापलेलं लोखंड फुगतं. म्हणजे ड्रम लायनरपासून बाहेरच्या बाजूला लांब जातो आणि रॉडला जास्त अंतर सरकावं लागतं. वर लायनरची पकडसुद्धा गरम झाल्यावर कमी होते. हे सगळं चाकाच्या आत चालतं. टाकीत हवा तेवढीच, काटा जागच्या जागी. नवा ड्रायव्हर काट्याकडं बघून निवांत राहतो आणि ब्रेक संपत जातो.

आता यातला दुसरा भाग, जो परत येणाऱ्यांना जास्त नडतो. मधल्या काळात तुम्ही पिकअप किंवा चारचाकी चालवलीत. तिथं ऑइल ब्रेक. ऑइल ब्रेक तापून बसायला लागला की बऱ्याचदा पेडल मऊ पडतं, खोल जातं, पायाला कळतं की काहीतरी बिनसलंय. एअर ब्रेकमध्ये पायाला तसं कळत नाही, कारण पाय फक्त व्हॉल्व्ह उघडतो, जोर हवा लावते. पिकअपनं पायाला लावलेली ती सवय घेऊन थेट लोड दहा टायरीवर बसू नका. ‘गाडीचा सराव तुटला नाही, पिकअप चालवत होतो ना’ असं मीही स्वतःला सांगायचो. स्टेअरिंगपुरतं ते खरं आहे, ब्रेकपुरतं नाही.

मग भरवसा ठेवायचा कशावर? गिअरवर. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच गिअर खाली घ्यायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक लावायचा. जुने लोक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढशील त्या गिअरमध्ये उतर. माल जास्त असेल तर मी त्याहून एक खालचा घेतो. उतारावर वेग वाढल्यावर गिअर खाली घेऊ म्हणाल तर तो बसेलच असं नाही. मधेच अडकलात की गाडी न्यूट्रलमध्ये सुटली, आणि तिथून परत पकडणं फार अवघड. गिअरवर गाडी जमेल तेवढी थोपवायची आणि तरी वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की ब्रेक जोरात एकदा दाबायचा, आठ-दहा किलोमीटरनं वेग खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पूर्ण. पाय नुसता टेकवून ठेवला तरी लायनर घासत राहतो. पुन्हा वेग चढला की पुन्हा तसंच. उगाच टपटप दाबत राहिलात तर हवा कमी होते, आणि मग काटासुद्धा खरंच खाली येतो.

वास आला तर जागा मिळेल तिथं थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा. गरम ड्रमवर पाणी मारू नका. घाटात बाटल्याच्या बाटल्या ओतणारे दिसतील, त्यांचं बघून करू नका, तापलेल्या ड्रमला तडा जातो. थंड व्हायला जितका वेळ लागेल तितका द्या. शेठचा फोन येईल, येऊ द्या.

आणखी एक साधी सवय. सपाटीवर थोडं चालवून थांबलात की प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एकाच चाकाला जास्त आच लागत असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. एखादं चाक अगदीच थंड असेल तर ते चाक काही कामच करत नाही, आणि त्याचं ओझं बाकीच्या चाकांवर पडतंय. अशा गाडीला घाटात नेण्याआधी ब्रेक सेटिंग करून घ्यायची. मेकॅनिककडं जाऊन ‘ब्रेक बघून घे’ म्हणालात तर तो वरवर बघेल. ‘सगळ्या चाकांचे अ‍ॅडजस्टर माझ्यासमोर बघ’ म्हणा, लायनर आणि ड्रममधलं अंतर त्यांच्यावरच ठरतं.

न्यूट्रलबद्दल माझं मत कडक आहे आणि ते बदलणार नाही. उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवायला शिकवणारा उस्ताद कितीही अनुभवी असो, त्याच्या शेजारी बसू नका. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका ट्रकनं पुढच्या कितीतरी गाड्यांना धडक दिली. इंधन वाचवायला चालकानं इंजिन बंद केल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टेअरिंग जड, एक्झॉस्ट ब्रेक गेला. आणि डिझेलचा हिशेब करायचा असेल तर हाही करा, की आताच्या बीएस-सहा (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल तोडतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचत काहीच नाही.

उस्ताद शोधताना किती वर्षं चालवली हे विचारण्यापेक्षा तो घाटात कसा बोलतो ते बघा. मला परत उभं केलं ते ज्यांनी, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. अण्णा उतारावर ओरडायचे नाहीत. घाटाच्या अलीकडं म्हणायचे, “पोरा, आता कुठला गिअर?” मी सांगायचो. चुकलं तर म्हणायचे, “अजून एक खाली घे.” बस्स. “काट्याकडं नको बघू, वेगाकडं बघ आणि नाक उघडं ठेव,” हे त्यांचं वाक्य माझ्या कानात बसलंय. शेजारी बसून “अरे मर्द आहेस ना, चालव की” म्हणणारे भरपूर भेटतात. त्यांच्यामुळं भीती जात नाही, नुसती दाबली जाते आणि नको तिथं वर येते.

कागदाचं थोडक्यात. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत आता पाच वर्षांची असते. तुम्ही घरी बसलात तेवढ्यात ती संपली नाही ना, हे आधी बघा. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस चालायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती सवलत गेली. संपून वर्षाच्या वर काळ गेला असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. त्याची लाज वाटून घेऊ नका, टेस्टच्या निमित्तानं हात चालतो.

शेठशी बोलताना खरं बोला. “शेठ, मी गाडी सोडली होती, आता परत यायचंय, पहिल्या काही खेपा मला सपाटीच्या द्या आणि जुना माणूस बरोबर द्या.” काही शेठ तोंडावर नाही म्हणतील. जाऊ द्या, ज्याला गाडीची काळजी आहे तो ऐकून घेतो. पुणे-सोलापूरसारखी लाईन मिळाली तर उत्तम. तिथं लोड गाडीला थांबायला किती अंतर लागतं ते पायाला परत कळतं. आधी अर्ध्या मालावर, मग पूर्ण. वेळेत पोचलं नाही तर भाडं कापणारी खेप सुरुवातीला घेऊच नका, कारण घाईत माणूस गिअर सोडून ब्रेकवर येतो. आणि झोप. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातच आठ तासांचा दिवस लिहिलेला होता. रस्त्यावर तो कुणी पाळत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण परत येताना पहिले काही महिने तरी तुम्ही स्वतः पाळा. भांडून पाळा.

काही जण म्हणतील, आता समृद्धी महामार्ग आहे, घाटाची कटकटच नाही. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि नागपूरहून येणारी गाडी आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा टाळून खाली उतरू शकते. सुरुवातीला तसं उतरलात तरी काही बिघडत नाही, मीही उतरलो. टोल जास्त आहे, पण मन शांत राहतं. मात्र घाट कायमचा टाळायचा म्हणून भाडी नाकारायला लागलात तर भाडी आटतात. कांदा, साखर, स्टील, कंटेनर, काहीही भरा, देशावरून खाली उतरायला कुठला तरी घाट येतोच.

तो पहिला घाट दिवसा करा, रस्ता कोरडा असताना, शेजारी जुना माणूस असताना. जून ते सप्टेंबर कसारा-इगतपुरीच्या पट्ट्यात धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीची टेललाईट जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आणि ओल्या रस्त्यावर लोड गाडीचं मागचं चाक सरकतं. त्या दिवसांत शेठनं कितीही सांगितलं तरी पहिल्या खेपेला नाही म्हणा. दिवाळीनंतर जा. तोपर्यंत सोलापूर लाईन आहेच.