यूएसबी वाय-फाय अडॅप्टर कुठे लावावा?

डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये खोचलेला छोटा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर पत्र्याचे कॅबिनेट आणि भिंत यांच्या सांदीत अडकतो आणि राउटर शेजारच्याच खोलीत असूनही सिग्नलची एखादीच रेघ दिसते. अशा वेळी नवा अडॅप्टर घेण्याआधी मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल जोडून तो टेबलावर मोकळ्या जागी ठेवून पाहावा. उपाय स्वस्त आहे आणि बहुतेकदा पुरतो. यूएसबी ३.० पोर्टला लावलेली बाह्य हार्ड डिस्क वाय-फाय वापरते त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी-पट्ट्यात रेडिओ-गोंगाट निर्माण करू शकते, म्हणून मोठी फाइल कॉपी होतानाच इंटरनेट रखडत असेल, तर अडॅप्टर डिस्कपासून दूर न्यावा किंवा, राउटर व अडॅप्टर दोन्हींना चालत असल्यास, ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडावे. अडॅप्टर चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, मात्र आधीच पेनड्राइव्हवर घ्यावा. अडॅप्टरसोबत आलेली सीडी घालायला हल्ली अनेक संगणकांत ड्राइव्हच नसतो.