युद्धकाळात आघाडीवरील जवानाशी संपर्क कसा ठेवावा : नाशिकच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

नाशिककरांना फौज नवी नाही. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे, नाशिक रोडला तोफखाना केंद्र आहे, आणि सिन्नर, निफाड, चांदवड, येवल्याकडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले भरती होत आली आहेत. तरीही लढाई पेटते आणि घरातलाच माणूस आघाडीवर असतो, तेव्हा छावणीच्या कुंपणालगत आयुष्य काढलेल्या कुटुंबालाही नेमके काय करावे हे उमगत नाही. फोन लागत नाही, टीव्ही बंद करवत नाही, आणि जो तो काहीतरी ऐकीव सांगत राहतो. पुढे सांगितलेली सगळी कामे एका गृहीतावर उभी आहेत : युद्धकाळात संपर्क तुटणार, अनेकदा तुटणार, आणि त्या तुटण्यात बहुतेक वेळा चिंतेचे काही नसते. त्यामुळे फोन किती वेळा आला याचा हिशेब ठेवण्यापेक्षा, तो येत नसताना घर कसे चालेल याची व्यवस्था आधी लावावी. ही माहिती मुख्यतः भूदलातील जवानांच्या घरांसाठी आहे. नौदल आणि हवाई दलातील पत्त्यांची पद्धत वेगळी असल्याने त्या घरांनी ती आपल्या तुकडीकडूनच समजून घ्यावी.

१. रजेवर असतानाच कागद नीट करून घ्यावेत

या कामाला कोणी फारसे महत्त्व देत नाही, पण पुढचे सर्व काही यावर अवलंबून असते. जवानाच्या सेवापुस्तकात निकटच्या नातेवाइकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक नोंदलेला असतो आणि कोणतीही अधिकृत सूचना त्याच नोंदीप्रमाणे जाते. आपल्याकडे नेहमी घडते ते असे की, भरतीच्या वेळी गावचा पत्ता दिलेला असतो, लग्नानंतर कुटुंब मुलांच्या शाळेसाठी सिडकोत किंवा पाथर्डी फाट्याला राहायला येते, मोबाइलचा क्रमांक दोनदा बदलतो, आणि फौजेच्या कागदावर मात्र गावातील जुने घर आणि बंद पडलेला क्रमांक तसाच राहतो. लग्न, अपत्याचा जन्म, पत्नीचे नाव या बाबी ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे जवानाच्या सेवानोंदीत बदल करणाऱ्या लष्करी आदेशाने, नोंदवल्या जातात. त्या झाल्या आहेत का, आणि आधार कार्डावरील नाव व फौजेतील नाव अक्षर न अक्षर जुळते का, हे जवानाने स्वतः पाहून घ्यावे. ‘सुनंदा’ आणि ‘सुनंदाबाई’ एवढ्या फरकानेही पुढे कागद अडतात.

त्याचबरोबर घरात एक साधी वही करावी. तिच्यात जवानाचा सेवा क्रमांक, हुद्दा, तुकडीचे नाव, फौजी टपालाचा पत्ता, तुकडीच्या मागील ठाण्यावर म्हणजे ‘रिअर’मध्ये कोणाला फोन करायचा तो क्रमांक, जवानाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या अभिलेख कार्यालयाचा पत्ता आणि नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा क्रमांक लिहून ठेवावा. अभिलेख कार्यालय प्रत्येकाचे वेगळे असते. तोफखान्यातील जवानाचे ते नाशिक रोडलाच आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. ही वही कागदाचीच असावी. जवानाच्या नोंदी मोबाइलमध्ये साठवून ठेवण्याचा मोह टाळावा.

जम्मू-काश्मीरमध्ये जाणाऱ्या जवानाने फोनची एक गोष्ट आधीच पाहावी. इतर राज्यांत घेतलेले प्रीपेड सिम तेथे चालत नाही, पोस्टपेड चालते. घरच्यांना हे ठाऊक नसल्याने ‘फोन बंद लागतो’ म्हणून कित्येक घरांत विनाकारण रडारड होते.

२. मौनाचा अर्थ आधी ठरवावा

जवान घरी असतानाच त्याने आणि घरातील मोठ्यांनी एकदा बसून स्पष्ट बोलून घ्यावे : फोन येण्याचा वार किंवा वेळ ठरवायची नाही. ‘दर रविवारी संध्याकाळी फोन करीन’ हे वचन ऐकायला गोड वाटते, पण युद्धकाळात ते हमखास मोडते, आणि मोडलेला प्रत्येक रविवार आईच्या जिवाला घोर लावतो. मोकळेपणाने असे ठरवावे की जमेल तेव्हा फोन येईल, पुढे सरकताना फोन काढून घेतले जातात किंवा बंद ठेवायला सांगतात, आणि तशा काळात कितीही दिवस काही कळले नाही तरी ते नेहमीचेच समजायचे.

संपर्कासाठी घरातील एकाच व्यक्तीला जबाबदार करावे. जवानाला बोलायला मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत तो पत्नी, आई, भाऊ आणि मेहुणा अशा चौघांना वेगवेगळे फोन करू शकत नाही. तो एका क्रमांकावर बोलेल आणि खुशाली तेथून इतरांना कळवली जाईल. ती व्यक्ती पत्नी असावी की वडील, यावरून काही घरांत रुसवेफुगवे होतात; ते जवान रजेवर असतानाच मिटवावेत, आघाडीवरून त्याला मध्यस्थी करायला लावू नये.

ठिकाण कळवण्यासाठी घरगुती सांकेतिक शब्द मात्र ठरवू नयेत. ‘मामाकडे आलो’ म्हणजे अमुक खोरे, असले प्रकार हुशारीचे वाटतात, पण ते उघडकीस आले तर जवानावर शिस्तभंगाची कारवाई होते, आणि ऐकणारा शत्रूही आपल्याइतकाच हुशार असतो. एक परवलीचा शब्द तेवढा जरूर ठरवावा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

३. पत्र लिहावे

आज पत्राचा सल्ला जुनाट वाटेल, परंतु माझ्या मते या सगळ्यातील सर्वांत भरवशाचे साधन अजूनही तेच आहे. जम्मू-काश्मीरमध्ये मोबाइल सेवाच २००३ मध्ये सुरू झाली. १९९९ च्या कारगिल युद्धात जवानांच्या घरांना प्रामुख्याने पत्रांचाच आधार होता. आज जेथे मोबाइल पोहोचला आहे तेथेही लढाईच्या काळात तो बंद ठेवावा लागतो, आणि बंद पडलेल्या फोनमधले संदेश जवानाला वाचता येत नाहीत. पत्र खिशात राहते आणि पुन्हापुन्हा वाचता येते. योगायोगाने देशाची टपाल तिकिटे ज्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापली जातात ते नाशिक रोडलाच आहे, आणि त्या गावात आता पत्र लिहिणारे घर शोधावे लागते, ही जरा गमतीचीच गोष्ट.

पत्ता लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे. प्रथम सेवा क्रमांक, मग हुद्दा आणि पूर्ण नाव, त्याखाली तुकडीचे नाव, त्याखाली ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे फौजी टपाल कार्यालय), आणि शेवटी ९ या अंकाने सुरू होणारा सहा आकडी पिन. ५६ एपीओचे टपाल दिल्लीतील आणि ९९ एपीओचे कोलकात्यातील केंद्रीय टपाल ठाण्यातून पुढे जाते. तेथून ते कोठे पोहोचवायचे हे सैन्य डाक सेवेला त्या पिनवरून कळते, म्हणून पाकिटावर लेह, राजौरी, तेजपूर असे कोणतेही गाव, जिल्हा किंवा राज्य लिहू नये. तसे लिहिल्याने पत्र लवकर तर जात नाहीच, उलट अमुक तुकडी अमुक गावी आहे ही माहिती टपालाच्या प्रत्येक हातातून उघडी फिरते. टपालाची वर्गवारी दिल्लीत किंवा कोलकात्यात होत असल्याने पत्ता सुवाच्य इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावा. आतील मजकूर अर्थातच मराठीत. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता मागे लिहायला विसरू नये.

प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घालावा. लढाईच्या काळात टपाल साचते आणि मग गठ्ठ्याने पोहोचते. बारावे पत्र नवव्याच्या आधी हाती पडले, तर क्रमांकामुळे जवानाला कळते की मधली अजून वाटेत आहेत आणि घरच्यांनी लिहिणे थांबवलेले नाही. एखादा महत्त्वाचा निरोप असेल, उदाहरणार्थ मुलीच्या शाळेचा प्रवेश झाला किंवा बँकेचा हप्ता भरला, तर तो लागोपाठच्या दोन पत्रांत लिहावा.

काय लिहावे, हा प्रश्न बहुतेकांना अडवतो. ‘आम्ही सर्व खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव’ यापुढे पेन सरकत नाही. घरी रोज जे घडते तेच बारीकसारीक तपशिलांसह लिहावे. लासलगावला कांदा कोणत्या भावाने गेला, द्राक्षाची छाटणी कधी धरली, गोदावरीला पूर आला तेव्हा पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत गेले की छातीपर्यंत, धाकट्याने कोणता दात पाडून घेतला, शेजारच्या काकूंनी कोणावरून भांडण काढले. बंकरमध्ये बसलेल्या माणसाला अशा मजकुरातून घर डोळ्यांपुढे येते. देशभक्तीपर मोठमोठी वाक्ये त्याला रेडिओवरही ऐकायला मिळतात. मुलांना चित्र काढायला लावावे, वृद्ध आईला लिहिता येत नसेल तर ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि ‘सुधारून’ लिहू नये.

चिंता मुळीच लिहू नये असे नाही. सगळे गोडगोड लिहिलेले पत्र जवानाला संशयात टाकते. पण न सुटलेला प्रश्न त्याच्या गळ्यात टाकण्याऐवजी, काय झाले आणि त्यावर आपण काय केले, हे दोन्ही एकत्र लिहावे. ‘बापूंची साखर वाढली होती, डॉक्टरांनी गोळी बदलली, आता बरे आहे’ हे वाक्य योग्य आहे. ‘बापूंचे काही खरे नाही’ हे नाही.

खाऊ पाठवायचा असल्यास सध्या पार्सल पोहोचते का, हे आधी रिअरमध्ये विचारावे. कोरडा चिवडा, शंकरपाळे, शेंगदाण्याचे लाडू टिकतात. तेलकट लोणचे, द्रव पदार्थ, काडेपेटी, लायटर आणि पॉवर बँक घालू नये.

४. फोन आला तर

विचारायच्या आणि सांगायच्या गोष्टी फोनजवळच्या कागदावर लिहून ठेवाव्यात, कारण अचानक आवाज ऐकल्यावर सगळे विसरायला होते. ‘कुठे आहेस’, ‘किती जण आहात’, ‘पुढे कधी जाणार’ हे प्रश्न विचारूच नयेत. तो उत्तर देऊ शकत नाही आणि नाही म्हणताना त्यालाच अवघडल्यासारखे होते. जेवलास का, झोप मिळते का, पत्रे मिळाली का आणि शेवटचा क्रमांक कोणता, एवढे पुरे. स्पीकर लावून आधी मुलांना बोलू द्यावे. आईला शेवटी द्यावे, कारण तिच्यानंतर कोणालाच नीट बोलता येत नाही. संभाषणाचे ध्वनिमुद्रण करू नये, व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट काढू नये आणि मोबाइलवरून त्याचे लोकेशन मागू नये.

५. स्टेटस ठेवण्यापूर्वी थांबावे

जुलै २०२० मध्ये भूदलाने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्राम यांसह ८९ अ‍ॅप काढून टाकण्याचा आदेश दिला होता. नियम जवानाला लागू असतात, पण माहिती फुटते ती पुष्कळदा घरातून. नाशिक रोडच्या फलाटावर काढलेल्या निरोपाच्या फोटोत गाडीचा फलक, तारीख आणि गणवेशावरील चिन्ह दिसते, म्हणजे कोणती तुकडी कधी कोणत्या दिशेने निघाली हे सगळेच त्यात आले. देवळाली परिसरात राहणाऱ्यांनी रेल्वेवर चढणाऱ्या तोफा किंवा लष्करी वाहनांच्या रांगा चित्रित करू नयेत. २६ एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने वाहिन्यांनाही लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण न करण्यास सांगितले होते. जे वाहिनीने दाखवू नये ते आपल्या कौटुंबिक ग्रुपवर टाकण्याचेही कारण नाही. गावात कौतुकाने ‘मेजर कुठं हाये सध्या?’ असे विचारणारे भेटतातच. ‘ड्युटीवर आहेत’ एवढे उत्तर शिष्टाचाराला पुरेसे आहे.

६. घरी अडचण आली तर

मृत्यू, गंभीर आजार, अपघात अशा बातम्या जवानाला थेट संदेशाने कळवू नयेत. तो एकटा, पहाऱ्यावर, हाती शस्त्र घेऊन ती वाचत असेल. रिअरच्या क्रमांकावर फोन करावा, सुभेदार साहेबांना किंवा तुकडीचे प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणजे अ‍ॅडज्युटंटना सर्व सांगावे. जवळ कोणी असताना आणि योग्य वेळी ते त्याला सांगतील. रजेची विनंती करायची असेल तर रुग्णालयाचे कागद सोबत द्यावेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही कळवावे. लढाईत रजा मिळेलच असे नाही, याची तयारी ठेवावी.

जमिनीच्या वादासारख्या कामांत एक कायदा उपयोगी पडतो. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ अन्वये, युद्धसेवेत असल्याने न्यायालयात हजर राहू न शकणाऱ्या सैनिकाच्या दाव्याचे कामकाज तहकूब ठेवण्याची तरतूद आहे. शेजाऱ्याने बांध कोरला आणि दावा लावला, म्हणून आघाडीवरच्या मुलाला त्रास देण्याची गरज नसते. वकिलाला या अधिनियमाची आठवण करून द्यावी.

७. अफवा आणि खोटे फोन

जखमी किंवा हुतात्मा झाल्याची अधिकृत सूचना तुकडी, अभिलेख कार्यालय किंवा स्थानिक लष्करी व जिल्हा प्रशासनाकडून येते. टीव्हीवरील पट्टीवर किंवा फिरत्या यादीत तुकडीचे नाव दिसले तरी प्रथम रिअरमध्ये विचारावे, आणि तेही एकाच व्यक्तीने, म्हणजे तेथील फोन अडून राहणार नाही.

‘तुमच्या मुलाला गोळी लागली आहे, उपचारासाठी पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो खोटा समजावा. जखमी जवानावर लष्करी रुग्णालयात सरकारी खर्चाने उपचार होतात. स्वतःला मोठा अधिकारी म्हणवून तुकडी कोठे आहे हे विचारणारा फोनही तसाच. आवाज ओळखीचा वाटला तरी परवलीचा शब्द विचारावा, कारण आता आवाजाची नक्कल सहज करता येते. पैसे गेले असल्यास लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. झोप उडाली असेल, छातीत सतत धडधड होत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

८. शस्त्रसंधीनंतर

लढाई थांबली म्हणजे दुसऱ्या दिवशी रजा सुरू होते असे नाही. तुकड्या पुढेच राहतात आणि रजा पाळीपाळीने सुटतात. साचलेले टपालही याच काळात पोहोचते, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या पत्रातील मजकुरावर जवानाने आज प्रश्न विचारले तर गोंधळून जाऊ नये. नवा पत्ता त्याच्याकडून लेखी येईपर्यंत जुन्याच पत्त्यावर, क्रमांक पुढे चालू ठेवून लिहीत राहावे. तुकडी हलली असली तरी सैन्य डाक सेवा ते टपाल तिच्या मागोमाग पाठवते.