जोडलेली फाइल उघडण्यापूर्वी तिचे पूर्ण नाव वाचा

ईमेलसोबत आलेली ‘बिल.पीडीएफ’ ही फाइल प्रत्यक्षात ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असू शकते. विंडोज ही प्रणाली फाइलच्या नावाचे शेवटचे शेपूट (शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे, म्हणजे एक्स्टेन्शन) मुळातच लपवून ठेवत असल्यामुळे ती साधे बिल वाटते आणि दोनदा क्लिक करताच व्हायरस चालू होतो. हे शेपूट कायम दिसावे यासाठी पुढील बदल एकदाच करावा.

१. फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या पट्टीतील ‘व्ह्यू’वर जावे.
२. विंडोज ११ मध्ये तेथील ‘शो’ निवडून, तर विंडोज १० मध्ये त्याच पट्टीत, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करावी.

यापुढे फाइल आधी डाउनलोड करून तिचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस किंवा व्हीबीएस हे प्रोग्रामचे शेपूट असेल, तर पाठवणारा ओळखीचा असला तरी ती न उघडता पुसून टाकावी, कारण ओळखीच्या माणसाचे खाते बळकावूनही अशा फाइली धाडल्या जातात. फाइलच्या नावाशेजारी दिसणाऱ्या पीडीएफच्या छोट्या चित्रावर (आयकॉनवर) तर मुळीच विसंबू नये. ते कोणत्याही प्रोग्रामला चिकटवता येते.

मात्र वर्डच्या फाइलचे शेपूट निर्दोष दिसले, तरी आतला मजकूर ‘एनेबल कन्टेन्ट’ (फाइलमध्ये दडवलेला प्रोग्राम चालू करू देणारे बटण) दाबण्याचा आग्रह धरू लागला, तर ते बटण दाबू नये.