नशेत दिलेला शब्द: शुद्धीवर आल्यावर काय करावे

केवळ मद्य घेतले होते, एवढ्यावरून करार रद्द होत नाही. अटी व त्यांचे परिणाम समजण्याइतकीही शुद्ध नव्हती आणि समोरच्याला ते दिसत होते, हे इंग्लिश कायद्याच्या परंपरेत सिद्ध करावे लागते. ते वाटते तितके सोपे नाही: १९५४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहाच्या बिलामागे खरडलेला ५०,००० डॉलरचा शेतविक्रीचा करार, पिऊन केलेल्या थट्टेचा बचाव फेटाळून, बंधनकारक ठरवला. म्हणून शुद्धीवर येताच, चालढकल न करता, करार मान्य नसल्याचे लेखी कळवावे, घेतलेली रक्कम परत करावी आणि त्या वेळी हजर असलेल्यांची नावे टिपून ठेवावीत. गप्प राहून व्यवहाराचा लाभ घेत राहिल्यास तीच संमती मानली जाऊ शकते.