जुन्या मोटारीचे ड्रम ब्रेक नीट लागावेत म्हणून

जुन्या मोटारीचे ब्रेक लागत नाहीत अशी तक्रार केली की डिस्क ब्रेक बसवून घेण्याचा सल्ला लगेच मिळतो. माझ्या मते ही घाई आहे, कारण बहुतेक वेळा दोष रचनेचा नसून लायनर (ब्रेकच्या शूवर, म्हणजे कमानदार पट्टीवर, बसवलेला घर्षणाचा थर) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्याला, आतून पुरता टेकत नाही, एवढाच असतो.

गाडी उचलून आधाराच्या स्टँडवर पक्की उभी करून ड्रम काढावा. आतली भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपावी. व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी टोपीची कड उचलून आत ओल दिसल्यास सिलिंडर गळतो आहे असे समजावे. तेल प्यालेला लायनर धुऊन सुधारत नाही. तो बदलावा, आणि गाडी एका बाजूला ओढू नये म्हणून त्याच जोडीतल्या दुसऱ्या बाजूच्या चाकाचाही बदलावा.

खरी मेख गोलाईत आहे. लेथवर कातलेल्या ड्रमचा व्यास वाढतो, शूची गोलाई मात्र पूर्वीचीच राहते. मग लायनर मधल्या पट्ट्यातच टेकतो, आणि पेडल घट्ट लागूनही गाडी थांबत नाही. हे पाहण्यासाठी लायनरवर खडू फासावा, ड्रम चढवून शू हलके टेकवावेत, ड्रम हाताने फिरवावा आणि पुन्हा काढावा. खडू फक्त मध्येच पुसला गेला असेल, तर शू त्या ड्रमच्या मापाने घासून घ्यावेत. उलट, तो दोन्ही टोकांनाच पुसला गेला असेल, तर ब्रेक एकदम पकडतो आणि किंचाळतो.

ॲडजस्टरला (शू आणि ड्रममधली फट कमीजास्त करणाऱ्या भागाला) हात लावण्यापूर्वी हँडब्रेकची केबल सैल करावी. चाक अडेपर्यंत ॲडजस्टर आवळून पेडल जोरात दाबावे. शू मधोमध बसल्याने चाक बहुधा पुन्हा मोकळे होते, तेव्हा आणखी आवळावे, आणि मग हलकी घासण उरेल इतकेच मागे घ्यावे. पुढच्या चाकाला दोन ॲडजस्टर असल्यास प्रत्येकाचे स्वतंत्रपणे असेच करावे. केबल शेवटी ताणावी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलून सर्व चाकांच्या ब्रेकमध्ये तेलात अडकलेली हवा काढावी. ब्रेक ऑइलचा रबरी होज (लवचीक नळी) बाहेरून धड दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. पेडल सोडल्यावरही चाक अडखळत असेल, तर आधी या होजवर संशय घ्यावा.

नव्या लायनरवर सुरुवातीला मध्यम वेगातून बेताने ब्रेक लावावेत आणि मध्ये ड्रम थंड होऊ द्यावेत. लायनर बसत जातो तशी फट वाढते, त्यामुळे काहीशे किलोमीटरनंतर ॲडजस्टर पुन्हा आवळावा लागतो.