चांदीचं नॅनो-द्रावण पिवळं न राहता राखाडी पडतंय? आधी पाणी तपासा

नॅनो-द्रावण म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण; सोडियम बोरोहायड्राइड हे रसायन सिल्व्हर नायट्रेटमधून ते कण तयार करतं. लक्षण असं: सोडियम बोरोहायड्राइडमध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकताना पिवळी छटा क्षणभर दिसते, मग द्रावण गढूळ राखाडी होतं. ४०० नॅनोमीटरजवळचं शोषण-शिखर (चांदीचे कण ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वात जास्त शोषतात ती खूण) येतच नाही.

बोरोहायड्राइडची नवी बाटली, जास्त बर्फ, हळू थेंब, सगळं करून झालं. पंधरा दिवस फुकट गेले.

दोष पाण्याचा निघाला. अकोला-अमरावतीकडे खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. त्यानं भांडी विसळली की काचेवर क्लोराइड राहतं, त्यातून सिल्व्हर क्लोराइड बनतं, आणि क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटतात. बॅटरीसाठी विकत मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यावरही डोळे झाकून विसंबू नका: १० मिली पाण्यात ०.१ मोलर (मोलर म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक, मिलीमोलर त्याचा हजारावा भाग) सिल्व्हर नायट्रेटचे २ थेंब टाका. दुधाळ झालं तर ते पाणी बाद.

मग हाच क्रम ठेवा. हातमोजे घालून भांडी १० टक्के नायट्रिक आम्लानं धुवा (हायड्रोक्लोरिक नको, त्यातच क्लोराइड आहे), मग तपासलेल्या डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळा. ७६ मिलीग्रॅम बोरोहायड्राइड १०० मिली बर्फगार पाण्यात विरघळवून त्यातलं १० मिली घेऊन बर्फगार पाण्यानं पुन्हा १०० मिलीपर्यंत पातळ करा. हे २ मिलीमोलर झालं. ते त्याच वेळी वापरा, ठेवलं की त्याचा जोर उतरतो. यातलं ३० मिली बर्फात ठेवून ढवळत राहा. १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट (१७ मिलीग्रॅम, १०० मिलीत) १० मिली घ्या, सेकंदाला एक थेंब सोडा. शेवटचा थेंब पडताच ढवळणं बंद. पुढे ढवळलं तर कण गोळा होतात. टिकण्यासाठी ०.३ टक्के पीव्हीपीचा (कणांना चिकटू न देणारा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) एक थेंब पुरतो.

आता द्रावण स्वच्छ पिवळं येतं, शिखर ४०० जवळ.